सेलमध्ये मगांचा सेट घेताय? आईसाठी असेल तर आधी हे बघा

सिरॅमिक मगांचे सेट वर्षभर कुठे ना कुठे सेलला लागलेलेच असतात. २६ जानेवारीचा सेल, मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मदर्स डे, मग राखी, गणपती, दिवाळी. श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला आपला मातृदिन असतो तो तेवढा सेलवाल्यांच्या फारसा लक्षात येत नाही. तर सांगायचं काय, की सहाचा सेट सत्तर टक्के ऑफ दिसला की आपण म्हणतो चला आईला घेऊन टाकू, किंवा बायकोला, किंवा नोकरी आणि दोन पोरं एकटीने ओढणाऱ्या ताईला. सेट येतो, खोकं उघडतं, सगळे म्हणतात छान आहे गं, आणि दुसऱ्या दिवशी तो शोकेसमध्ये नाहीतर खोक्यासकट माळ्यावर, "पाहुणे आले की काढू". आणि ती स्वतः? तिच्या त्याच कान तुटलेल्या कपात, नाहीतर स्टीलच्या पेल्यात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सेट स्वस्तात मिळतोय तर जरूर घ्या, पण त्यातला एक मग तिचा होईल असा घ्या, आणि उरलेल्यांचं काय करायचं ते घ्यायच्या आधीच ठरवा. बाकी सगळं खाली सविस्तर.

पहिलं काम म्हणजे मोबाईल बाजूला ठेवायचा आणि ती चहा कसा पिते ते दोन-तीन दिवस नुसतं बघायचं. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, स्वतःची आई असून. सकाळी सव्वासहा वाजता एका शेगडीवर तवा, दुसरीवर चहा, ती चहा गाळते, सगळ्यांचे कप भरते, स्वतःचा ओट्याच्या कडेला पोळपाटाशेजारी ठेवते, एक घोट घेते, तेवढ्यात पोळी फुगते, पोराची वॉटरबॅग सापडत नसते, नवऱ्याचा डबा भरायचा असतो, पाणी जायच्या आत पिंप भरायचं असतं, आणि वळून बघते तोवर चहावर सुरकुतलेली साय. मग ती साय बोटाने बाजूला करून चहा एका दमात संपवते, नाहीतर परत पातेल्यात ओतून गरम करते, आणि तो दुसरा गरम केलेला पण तसाच ओट्यावर राहतो. अशा बाईला मग घ्यायचा तर डिझाईन शेवटी येतं, आधी चहा गरम राहणं येतं. उलट कोणाची आई घरच्यांचं सगळं आटपून, साडेदहाला पेपर घेऊन शांत बसणारी असते, तिला वेगळा मग लागेल. कोणी दुपारी ऑफिसात पिते, कोणी रात्री पोरं झोपल्यावर कॉफी घेते. हे कळलं की अर्धी खरेदी झाली.

आता गरम राहण्याचं बोलू, कारण यात लोक हमखास फसतात. जाड मग म्हणजे चहा जास्त वेळ गरम, असा सगळ्यांचा समज असतो, तो अर्धाच खरा आहे. जाड मगाचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असतं, आणि तो आपल्या मुंबईच्या हवेत अठ्ठावीस-तीस अंशाला पडलेला असतो. त्यात तुम्ही दीडशे मिली उकळता चहा ओतला की मग आधी स्वतः तापतो, आणि त्यासाठी लागणारी सगळी उष्णता चहातूनच खेचतो. साधा शाळेतला हिशोब मांडला तरी चहा वीसेक अंशांनी खाली येतो, पंख्याचा वारा लागायच्या आधीच. म्हणजे मोठ्या जाड मगात थोडासा चहा हे सगळ्यात वाईट. त्यावर उपाय अगदी फुकटचा आहे, चहा उकळत असताना मगात गरम पाणी ओतून ठेवायचं आणि गाळायच्या वेळी ते ओतून द्यायचं, एवढ्याने फरक जाणवतो. मग आधीच तापलेला असला की तोच जाडपणा उपयोगी पडतो, चहा हळूहळू निवतो.

दुसरा उपाय झाकण. कपातली उष्णता सगळ्यात जास्त वरून, वाफेतून जाते, बाजूने त्या मानाने कमी. त्यामुळे झाकणवाला मग सेलमध्ये मिळत असेल तर चाळीस-पन्नास रुपये जास्त गेले तरी चालतील, धावपळीच्या घरात त्याचाच खरा उपयोग. साय धरत नाही, वर माशी बसत नाही. फक्त लाकडी झाकणाच्या फोटोला भुलू नका. बांबूचं झाकण फोटोत फार गोड दिसतं पण जुलैमध्ये आपल्याकडे चपला आणि पट्ट्यांना बुरशी येते तर ओलं लाकूड कुठून सुटणार. सिलिकॉनचं किंवा सिरॅमिकचंच झाकण बघा. आणि काहीच नाही मिळालं तर घरातली बशी पालथी घाला वर, आपल्या आज्या हेच करायच्या.

साइझ. कटिंग म्हणजे ऐंशी-शंभर मिली, घरातला नेहमीचा कप दीडशेच्या आसपास, आणि ऑनलाइन जे मग विकतात ते बहुतेक तीनशे ते साडेतीनशे. आता जी बाई आयुष्यभर एक कप चहा पीत आलीय तिच्या हातात साडेतीनशेचा मग दिला तर एकतर ती तळाला थोडासा चहा घेणार, जो वर सांगितल्याप्रमाणे लगेच गार होणार, नाहीतर भरून घेणार आणि अर्धा टाकणार आणि वर म्हणणार हा मग नको बाई, फार मोठा. चहासाठी दोनशे ते अडीचशे मिलीचा मग पुरतो. कॉफी, सूप, सर्दीचा काढा, पोरांचं दूध यासाठी तीनशेच्या पुढचा ठीक. आणि लक्षात ठेवा, लिहिलेले मिली बऱ्याचदा काठोकाठ भरल्यावरचे असतात, काठोकाठ कोणी भरत नाही, त्यामुळे साडेतीनशेचा मग व्यवहारात पावणेतीनशे-तीनशेचा. घरातला तिचा आवडता कप किती मिलीचा आहे ते बघायचं असेल तर अर्ध्या लिटरची बाटली घ्या, तो कप किती वेळा भरतो ते मोजा, झालं.

कान. मगाच्या कानाकडे फोटोत कोणी बघत नाही, आणि रोज हातात तोच असतो. कानात तीन बोटं सहज गेली पाहिजेत आणि बोटांची पेरं मगाच्या अंगाला टेकता कामा नयेत, टेकली तर चटका बसतो आणि मग बाई ओढणीने नाहीतर पदराने मग धरते. तो गोल बारीक कान असतो ना ज्यात एकच बोट जातं, तो दिसायला नाजूक पण भरलेला मग त्या एका बोटावर लटकतो. साडेतीनशे ग्रॅमचा मग आणि त्यात अडीचशे मिली चहा म्हणजे सहाशे ग्रॅम झाले, मनगट दुखणाऱ्या, सांधे धरलेल्या आईला ते रोज सकाळी जड जातं. तिच्यासाठी मोठ्या कानाचा हलका मग बघा, वजन लिस्टिंगमध्ये दिलेलं असतं, पण तिथे कधी कधी खोक्यासकट वजन असतं, तेवढं तपासा. काठ पातळ असलेला बरा, जाड काठाच्या मगातून चहा ओठांच्या कडेने ओघळतो. आतला रंग पांढरा किंवा फिका घ्या. काळा-निळा आतून फॅन्सी दिसतो पण चहा कडक झालाय की पांचट ते कळत नाही, धुतल्यावर मग खरंच स्वच्छ निघालाय का तेही कळत नाही.

आता मटेरियल. दुकानात सगळ्यालाच सिरॅमिक म्हणतात, त्यात काही चूक नाही, पण आत तीन-चार जाती आहेत आणि भाव त्यावरच ठरतो. सगळ्यात स्वस्त अर्दनवेअर, साधारण हजार ते साडेअकराशे अंशाला भाजलेलं, आतून थोडं सच्छिद्र. वरची झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, शाबूत आहे तोवर काही नाही, पण एकदा टवका उडाला की तिथून पाणी शोषतं, डाग धरतं, आणि मायक्रोवेव्हमध्ये मगच चहापेक्षा गरम होतो. स्टोनवेअर बाराशे ते तेराशे अंशाला भाजतात, घट्ट होतं, जड असतं, आणि धावपळीच्या घरात आपटाआपटीला त्यातल्या त्यात टिकतं. रोजच्या वापराला माझं मत याच्याच बाजूने. पोर्सेलिन पांढरंशुभ्र, गुळगुळीत, पातळ. आणि बोन चायना सगळ्यात हलकी, उजेडासमोर धरली तर पलीकडची बोटं सावलीसारखी दिसतात, पातळ असून मजबूत असते.

पण बोन चायनाबद्दल एक गोष्ट घ्यायच्या आधीच सांगून ठेवतो, यात जनावरांच्या हाडांची राख असते, आणि थोडीथोडकी नाही, तीस टक्क्यांच्या वर. घरात सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ असेल, वारी करणारं घर असेल, किंवा ज्यांना देताय ते शेजारी जैन असतील, तर विचारल्याशिवाय बोन चायना नेऊ नका. नंतर कळलं तर तो सेट कोणी तोंडाला लावणार नाही आणि तुम्हालाही अवघड वाटेल. हाडांची राख न घालता केलेली तशीच दिसणारी क्रॉकरी मिळते, खोक्यावर तसं लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

फोटो छापून मिळणारे मग ही अजून वेगळीच जात. त्यात साध्या मगावर एक पातळ कोटिंग असतं आणि त्या कोटिंगमध्ये उष्णतेने फोटो उतरवतात. तारेच्या घासणीने घासलं की आईचा फोटो महिन्याभरात पुसट. गरम झाला की चित्र दिसणारा मॅजिक मग तर हातानेच, मऊ स्पंजने धुवायचा आणि मायक्रोवेव्हपासून लांब ठेवायचा. भेट म्हणून हौस ठीक आहे, रोजच्या चहाला नको. सोनेरी काठाचा मग मायक्रोवेव्हमध्ये घातला तर ठिणग्या उडतात, हे बहुतेकांना माहीत आहे, तरी घातला जातोच, म्हणून जिथे चहा परत परत गरम होतो त्या घरात सोनेरी काठ नेऊच नका.

आणि रंगाचं. मगाच्या आतल्या बाजूला किंवा ओठ लागतात त्या काठावर चकचकीत लाल-पिवळा-केशरी रंग असेल, बोट फिरवल्यावर तो उंचवट्यासारखा हाताला लागत असेल, आणि बनवणाऱ्याचा पत्ताच नसेल, तर नको. झिलईत आणि वरच्या रंगात शिसं आणि कॅडमियम असू शकतं आणि आंबट पदार्थांनी ते उतरतं, तपासणीची पद्धतही तीच आहे, भांड्यात पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखंच, चोवीस तास भरून ठेवतात आणि त्यात किती उतरलं ते मोजतात. म्हणून लेमन टी, कोकम, ताक अशा गोष्टींना आतून साधा पांढरा मगच बरा. चोरबाजारात जुने विलायती मग मिळतात, घ्या हौसेने, पण पेनं ठेवायला.

आता डिस्काउंटकडे येऊ. टक्के बघूच नका. एमआरपी १९९९, ऑफर ५९९, सत्तर टक्के वाचले, असं लिहिलेलं असतं, पण १९९९ ला तो सेट कधी कोणी घेतला होता? आपल्याला एकच आकडा हवा, एका मगाला किती पडले. ५९९ ला सहा म्हणजे शंभरला एक. ४९९ ला दोन म्हणजे अडीचशेला एक. आता तसाच, तेवढ्याच मिलीचा सुटा मग दादरला किंवा तुमच्या स्टेशनबाहेरच्या क्रॉकरीच्या दुकानात कितीला आहे ते विचारा, आणि मग ठरवा की डिस्काउंट खरा की नुसता लाल अक्षरात लिहिलेला. ऑनलाइन असेल तर कार्टमध्ये टाकून आठवडाभर ठेवा, सेलच्या आधी भाव वर जातो आणि सेलमध्ये जुन्या जागी येतो असं बऱ्याच वेळा दिसेल. डिलिव्हरी चार्ज, बँकेच्या कार्डाची अट, "तीन घेतले तरच" अशी अट, हे सगळं मिळवून शेवटी जो आकडा येतो त्याला मगांनी भागायचं.

खोकं हातात असेल तर त्यावरचं वाचा. एमआरपी सगळ्या करांसकट असते, त्याच्या वर जीएसटी कोणी लावत असेल तर सरळ नाही म्हणा. भाव कमी करायला दुकानदार किंवा कंपनी नवीन स्टिकर लावू शकते, पण त्याने जुनी छापील किंमत झाकता येत नाही, आणि भाव वाढवायला तर स्टिकर लावताच येत नाही. त्यामुळे स्टिकरखाली स्टिकर दिसला तर नखाने उचकटून बघायला लाजू नका. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, नग किती, बाहेरचा माल असेल तर कुठल्या देशातला, हे सगळं खोक्यावर पाहिजे. ऑनलाइन विकणाऱ्याला पण देश सांगावाच लागतो.

स्वस्त असण्याची कारणं मात्र सगळी वाईट नसतात, उलट काही कारणं आपल्या फायद्याची आहेत. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणासाठी दुकानदार माल भरून ठेवतात आणि रथसप्तमी झाली की उरलेला काढून टाकतात. दिवाळीत कंपन्यांच्या गिफ्टसाठी बनवलेला माल उरतो. रंग बंद झालेला असतो, सहातला एक फुटल्यामुळे पाचचाच सेट राहिलेला असतो (हा तर माझा सगळ्यात आवडता, पाच मग घासाघीस करून फार स्वस्तात मिळतात आणि सेट मोडलेला असल्यामुळे कोणी शोकेसमध्ये ठेवत नाही). सेकंड्सचा माल असतो, म्हणजे झिलईत सुईच्या टोकाएवढं भोक, रंगाचा एखादा ठिपका, कान किंचित वाकडा. यातले दिसण्याचे दोष चालतील. तडा, काठावरचा टवका आणि आतल्या बाजूची उडालेली झिलई चालणार नाही, मग तो वीस रुपयाला का मिळेना.

मुंबईत जायचं कुठे? क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास घाऊक क्रॉकरी मिळते, तिथे बरेच जण सुटा एक मग देणार नाहीत पण सहा घेतलेत तर भाव चांगला लागतो, आणि रविवारी बरीच घाऊक दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवून निघा. दादर पश्चिमेला किरकोळ दुकानं आहेत, भाव थोडा जास्त पण बदलून मिळण्याची शक्यताही जास्त, आपलं रोजचं स्टेशन असलं तर हे सोपं. उपनगरात मैदानावर नाहीतर हॉलमध्ये मधूनमधून खुर्जा क्रॉकरीचे सेल लागतात, खुर्जा म्हणजे उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातलं गाव, तिथल्या पॉटरीला जीआय टॅग, म्हणजे त्या गावचाच माल अशी सरकारी ओळख, आहे, निळ्या-पांढऱ्या फुलापानांचे मग तिथलेच. तिथे ढिगातून निवडायला मिळतं, म्हणून वेळ काढून जा आणि ढिगाच्या तळातले पण बघा. काळा घोडाचा फेस्टिवल असतो जानेवारीअखेर-फेब्रुवारीत, तिथे स्टुडिओ पॉटरीचे स्टॉल लागतात, महाग असतात, पण शेवटच्या दिवशी विचारून बघायला पैसे पडत नाहीत. धारावीचा कुंभारवाडा बघण्यासारखा आहेच, पण तिथे मुख्यतः लाल मातीचे माठ, पणत्या, कुंड्या, चहाच्या रोजच्या मगासाठी तिकडे जाऊ नका.

एक व्यवहाराची गोष्ट, क्रॉफर्डहून येणार असाल तर दुपारी तीन-साडेतीनपर्यंत सीएसएमटीला गाडीत बसा. संध्याकाळी साडेसहाच्या कर्जत फास्टमध्ये सिरॅमिकचा सेट घेऊन चढणं म्हणजे फुटायलाच घेतला. पिशवी रॅकवर नको, मांडीवर.

दुकानात मग हातात आला की काय करायचं ते नीट सांगतो, कारण बहुतेक जण वरून बघून "हा द्या" म्हणतात. आधी मग काउंटरवर ठेवा आणि एका बोटाने काठाला हलकं दाबा, डुगडुगला तर बूड सपाट नाही. मग तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारा. चांगला भाजलेला, तडा नसलेला मग टण्णकन वाजतो आणि आवाज क्षणभर रेंगाळतो, आत बारीक तडा असेल तर ठक्क असा बसका आवाज येतो. सहाही मगांना टिचकी मारा, दुकानदार बघत राहिला तर राहू दे, जुने दुकानदार स्वतःच वाजवून देतात. काठावरून बोट एकदा पूर्ण गोल फिरवा, डोळ्याला न दिसणारा टवका बोटाला लागतो. कान जिथे मगाला जोडलाय त्या दोन्ही सांध्यांपाशी केसासारखी रेघ आहे का बघा, पुढेमागे कान तिथूनच निखळतो. मग उलटा करा. बुडाची जी गोल कड बिनझिलईची असते ती खडबडीत असेल तर तुमचा ओटा आणि टेबलाची काच ओरबाडणार. शेवटी सहाही मग ओळीत ठेवून उंची बघा. आणि पॅकिंग करताना समोर उभे राहा, प्रत्येक मगाच्या आत पण कागद कोंबायला सांगा, कानाभोवती वेगळा, नुसता बाहेरून पेपर गुंडाळून पेंढ्यात खुपसला तर कान पहिला जातो.

ऑनलाइन घेताना हे काही करता येत नाही, म्हणून तिथे रिव्ह्यूमधले लोकांनी टाकलेले फोटो बघा, कंपनीचे नव्हे. एक-दोन स्टारवाले आधी वाचा. "फुटून आला" असे बरेच असतील तर पॅकिंग वाईट आहे, माल चांगला असेल तरी तुम्हाला फुटूनच येणार. पैसे परत मिळणार की नुसतं बदलून मिळणार, किती दिवसांत, हे ऑर्डरच्या आधी बघा, सेलच्या मालाला बऱ्याचदा वेगळा नियम असतो. खोकं उघडताना व्हिडिओ करा, लेबल दिसेल असा, टेप कापण्यापासून सलग. फुटका निघाला आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं. सेट पोचला की त्यातला एक मग पाण्याने भरून रात्रभर जुन्या पेपरवर ठेवा, सकाळी खाली ओलं वर्तुळ दिसलं तर मग पाझरतोय, परत पाठवा. मायक्रोवेव्हचं तपासायचं तर हा मग रिकामा आणि शेजारी दुसऱ्या चालणाऱ्या कपात पाणी, एक मिनिट लावा. पाणी गरम आणि रिकामा मग गार तर पास, रिकामाच तापला तर तो मायक्रोवेव्हला नको. सोनेरी रेघ असलेल्याला ही टेस्ट करायची नाही हे वेगळं सांगायला नको.

आता सहाच्या सेटचं काय करायचं. चौघांच्या घरात सहा एकसारखे मग आले की ते आपोआप पाहुण्यांचे होतात, हा माझा सगळ्या नातेवाइकांच्या घरचा अनुभव आहे. म्हणून सेट फोडा. भिशीचा ग्रुप असेल तर सहा जणींनी मिळून एक सेट घ्यायचा, प्रत्येकीला एक मग, शंभर-सव्वाशे रुपयांत काम होतं. शाळेच्या बसस्टॉपवर रोज भेटणाऱ्या आया, बिल्डिंगमधल्या, लेडीज डब्यात रोज एकाच जागी बसणाऱ्या, कोणीही चालेल. किंवा तीन भावंडांनी मिळून घ्या, दोन आईला, दोन मावशीला, दोन सासूबाईंना. आईला दोन अशासाठी की एक तिचा आणि एक जो कोणी तिच्याबरोबर बसेल त्याचा, बाबांनी बसावं ही अपेक्षा, पण बहुतेक शेजारच्या काकू बसतात, तेही चालतंय.

देताना चकचकीत कागदात बांधून देऊ नका, एक तर ती तो कागद घडी करून गादीखाली ठेवणार आणि मग परत खोक्यात. मग धुवून, पुसून, त्यात चहा करूनच द्या. आलं ठेचायचं, साखर तिच्या मापाने, आणि ती बसल्यावर हातात. त्या वेळेत डबा कोणी भरायचा, कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजायच्या, हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर नवा मग घेऊन पण ती ओट्यापाशी उभीच. आणि तो जुना कान तुटलेला कप त्याच दिवशी गॅलरीत, त्यात पुदिन्याची काडी लावा. तो ओट्यावर राहिला तर ती परत त्यातच पिणार. फेकू बिकू नका, भांडण होईल.

धुण्याचं थोडक्यात. तारेच्या घासणीने झिलईवर करड्या रेघा उठतात, त्या तड्यांच्या नसतात, स्टील घासून लागलेलं असतं, मॅट मगांवर जास्त दिसतात, स्टीलचा चमचा जोरात फिरवला तरी उठतात. कामाला येणाऱ्या मावशींना हिरवा स्क्रबर नाही, मऊ स्पंज वेगळा काढून द्या, आणि मग बेसिनमध्ये कुकर-कढईच्या ढिगात टाकायचे नाहीत एवढं घरातल्या पोरांना सांगा, कारण फुटतात ते त्यांच्यामुळे, मावशींमुळे नाही. चहाचे तपकिरी डाग खायच्या सोड्याने निघतात, ओल्या बोटाने चोळायचं, पाच मिनिटं ठेवायचं. फ्रिजमधून काढलेल्या गार मगात उकळता चहा ओतला तर तडकू शकतो. काठाला टवका उडाला तर तो मग चहाला बंद, ओठ कापतो आणि तिथून डागही धरतो. सेटमधला एखादा सुटा नंतर मिळत नाही, तेव्हा सेल चालू असतानाच तसाच एक जास्तीचा घेऊन ठेवा, तो मात्र खुशाल माळ्यावर टाका.